माहेरच्या आडनावानं बसलेलं टेबल

रविवारी संध्याकाळी मी बांगड्या विकत फिरणारी भामटी असते आणि शनिवारी सकाळी मौनव्रत घेतलेली योद्धी. बाकी आठवडाभर लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. हे मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. या शहरात दहावी झालेली पोरंसुद्धा खेळणं बंद करतात आणि उशाशी प्रश्नसंच घेऊन झोपतात. तिथं चाळिशी उलटलेल्या बाईनं लॅपटॉपसमोर बसून "मी दाराआड लपते" म्हणायचं म्हणजे हसं करून घेणंच. पण ही लाज किरकोळ आहे. ती मी कधीच गिळून टाकली. दुसरी एक आहे, ती गिळता येत नाही.

आधी खेळ काय असतो ते सांगते. आईला सांगताना मी दर वेळी अडखळते, इथं तरी नीट सांगावं. चार-पाच जण ऑनलाइन जमतात. एक जण गोष्ट सांगतो: पुढं जंगल आहे, पूल तुटलाय, पलीकडून कुणीतरी येतंय. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र झालेले असतात. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, छोटा आला तर फजिती. जिंकणं-हरणं असं काही नसतं. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मिळतं काय?"  लॉकडाउनमध्ये माझी हॉस्टेलची मैत्रीण, जी आता परदेशात असते, तिनं मला यात ओढलं. ती लवकरच कंटाळून निघून गेली, मी राहिले. एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाला टेबल म्हणतात. प्रत्यक्षात टेबल कुठंच नसतं; माझ्याकडं तर लॅपटॉपही इस्त्रीच्या फळीवर असतो.

माझं पहिलं टेबल इंग्रजी. कुणी कॅनडात, कुणी आयर्लंडात, एक जण बंगळुरूचा. तिथली शिस्त बघून मी दिपून गेले. खेळ सुरू व्हायच्या आधी एक अख्खी बैठक नुसती बोलण्याची. कुणाला कशाची भीती वाटते, गोष्टीत काय आलेलं चालणार नाही, ते प्रत्येकानं सांगायचं. तरीही खेळताना काही सहन झालं नाही तर चॅटमध्ये फुलीची खूण टाकायची. खूण दिसली की गोष्ट सांगणारी बाई तिथल्या तिथं थांबते, तो प्रसंग सोडून देते आणि दुसरीकडून सुरुवात करते. का टाकली हे कुणी विचारायचं नाही, असा नियमच. मूलबाळ किती, नवरा काय करतो, असलं तर बोलायचंच नाही. आपण बोलणार असू तेवढाच वेळ माइक उघडायचा. कुत्रं भुंकलेलं ऐकू गेलं तरी माणसं माफी मागतात.

या टेबलावर मला लाज वाटायची ती माझ्या बोलण्याची. इंग्रजी वाचायला-लिहायला अडचण नाही, बोलायला लागलं की मात्र जिभेला गाठ पडते. आणि मी अडखळले की सगळे इतक्या सभ्यपणे वाट बघायचे की त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं वाटायचं. म्हणून मी मौनव्रत घेतलेली योद्धी निवडली. सगळ्यांना कल्पना फार आवडली. केवढा खोल विचार केलाय, म्हणाले. खोल कसलं आलंय, मला पाण्यात उतरायचीच भीती होती.

तिथं मी एकदाच पोटातलं बोलले, तेही टाइप करून. गोष्टीत गाव येणार होतं आणि गोष्ट सांगणाऱ्या बाईनं विचारलं, तुमच्याकडचं गाव कसं असतं, काही सांगता का? मी आजीचं सांगितलं. आजी कंधारकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. तहान लागली की ती ओंजळ पुढं करायची आणि मालकीण वरून पाणी ओतायची, तांब्याला आजीचा हात लागू नये म्हणून. आमचं घर बौद्ध झालं तरी पुढं बरीच वर्षं ते पाणी वरूनच पडत राहिलं. एवढंच लिहिलं.

पलीकडून मग एकामागून एक माफ्या सुरू झाल्या. ज्यांनी मराठवाडा नकाशातही बघितला नसेल ती माणसं माझ्या आजीची माफी मागत होती. ते गावच गोष्टीतून काढून टाकलं. त्यानंतर प्रत्येक खेळाआधी मला वेगळा निरोप यायला लागला: आज गोष्टीत नदी आहे, तुला चालेल ना? आज एक जमीनदार आहे, चालेल ना? मी त्यांच्यासाठी काचेची बरणी झाले. मला आजीचा अभिमान वाटायला हवा होता, पण वाटलं असं की मी तिला उगाच चारचौघांत रडायला बसवलं. आजी असती तर तिनं या सगळ्यांना आधी जेवायला वाढलं असतं आणि ते गेल्यावर पोट धरून हसली असती.

आणि एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती. तिथं खरं सांगायला मला हिंमत लागलीच नव्हती. स्क्रीनवर माझं पूर्ण नाव होतं, सासरच्या आडनावासकट. ते आडनाव लातूरमध्ये कुठंही उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. चांगल्या माणसाच्याही हलतं, फक्त तो लगेच सावरतो. त्या टेबलावर काहीच हलत नव्हतं, कारण त्यांना ते नुसतं लांबलचक आडनाव होतं.

मग वाटलं, मराठीत खेळावं. आधी पुण्याकडच्या एका टेबलावर गेले. माणसं हुशार, नियम तोंडपाठ, मराठी अशी की पाठ्यपुस्तक बोलतंय. मी बोलता बोलता म्हणाले, "मी दार उघडून राहिले." एकानं तेच शब्द माझ्या सुरात म्हणून दाखवले आणि बाकीचे हसले. प्रेमानंच हसले असतील. मी दुसऱ्या खेपेला गेले नाही.

शेवटी सापडलं ते आमचं टेबल. "लातूर-नांदेडकडचं कुणी खेळतं का" असा कुणाचा तरी निरोप एका ग्रुपवर फिरत होता. गोष्ट सांगणारे गृहस्थ उदगीरचे, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. खेळणारे आम्ही चार: बिलोलीचे एक बँकवाले, नांदेडचे एक दातांचे डॉक्टर, कंधारची एक तरुण शिक्षिका आणि मी.

पहिल्या दिवशी जोडलं गेल्यावर मला आधी ऐकू आली ती कुकरची शिट्टी.

"आवाज येऊन राहिला का?" मास्तरांनी विचारलं.

"येऊन राहिला, बोला बोला!" सगळे एकदम.

तिथं माइक कुणी बंदच करत नाही. टीव्ही चालू असतो, मागून कुणाची तरी आई पाहुण्यांना बसा म्हणत असते, मास्तरांचे हमाल दर विचारून जातात. माइक बंद केलेला दिसला की लगेच विचारणा: "का हो, काय लपवून राहिले?" हेडफोन लावणं म्हणजे तर शिष्टपणा. इंग्रजी टेबलावर फासा यंत्र टाकतं आणि आकडा सगळ्यांना दिसतो. आमच्याकडं ज्यानं त्यानं आपल्या घरी टाकायचा आणि तोंडानं आकडा सांगायचा. बँकवाल्यांना दर वेळी वीसच पडतात.

"काय सांगू मास्तर, परत वीस!"

"बँकेतबी असंच करता का हो?" मास्तर विचारतात. पण वीस मान्य करतात. माणसानं सांगितलं म्हणजे मानायचं, तो खोटं बोलतोय हे सगळ्यांना माहीत असलं तरी. मास्तरांचे राक्षस बीदरकडचे, ते कानडीत शिव्या देतात. पहिल्या तासाभरात मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. माझी भामटी माझ्या आईसारखं बोलायला लागली, "लई झालं बाबा तुमचं, आता मलाबी बोलू द्या" असं, आणि कुणीही तिचं वाक्य माझ्या सुरात म्हणून दाखवलं नाही. उलट ते तसंच बोलत होते. एवढी वर्षं शिकून, शिकवून घासूनपुसून टाकलेली बोली मला परत मिळाली. मला त्या टेबलाचा लळा लागला, तो त्या पहिल्याच संध्याकाळी.

आणि त्याच संध्याकाळी, जेवलात का विचारावं तितक्या सहज, बँकवाल्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नांदेडच्या. आता लातूरला असते."

"नांदेडात कुठं?"

"स्टेशनच्या बाजूला."

"बरं बरं. इथं नुसतंच नाव दिसतंय, आडनाव काय?"

माझं माहेरचं आडनाव दोन्हीकडं चालतं. ते पाटलांच्यातही आहे आणि आमच्यातही. सासरचं तसं नाही, ते ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पगारापासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत सगळीकडं मी सासरचं लावते, लग्न झाल्यापासून माहेरचं कधी तोंडात आलेलं नाही. त्या दिवशी आलं. विचार करून आलं असतं तर निदान माझा निर्णय होता असं म्हणता आलं असतं. ते नुसतं घरंगळत आलं.

"मग आपलेच की!" बँकवाले ओरडले. "आमच्या आत्याला तुमच्यातच दिलंय."

मी हसले. नाही म्हणाले नाही.

नवरा मागं शर्टांच्या घड्या घालत होता. तो सरकारी खात्यात आहे आणि उरलेला वेळ आमच्या विहाराच्या कामात असतो. त्याचा फोन सारखा वाजतो, आणि पलीकडं साहेब असो की नळ दुरुस्त करणारा, हा मोठ्यानं "जय भीम, बोला" म्हणूनच सुरुवात करतो आणि जय भीम म्हणूनच फोन ठेवतो. घरातला आवाज वेगळा आणि बाहेरचा वेगळा, असं त्याच्याकडं नाही. खेळ संपल्यावर तो म्हणाला, "काय गं, माहेराला गेलीस का परत? मला तरी सांगून जायचं." आणि हसला. मीही हसले. त्या रात्री आम्ही दोघांनीही तो विषय परत काढला नाही, आणि न काढणं फार सोपं गेलं, याचं मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं.

मग रविवारमागून रविवार मजेत गेले; उन्हाळा लागेपर्यंत नवरा त्या वेळी विहाराच्या कामानं बाहेरच असायचा. आत्याचं नातं गृहीत धरून बँकवाले मला अधूनमधून "पाव्हणं" म्हणायला लागले. मी हुंकार द्यायचे.

आणि एका रविवारी मास्तरांनी आम्हाला एका गावात नेलं. गोष्टीतलं भर दुपारचं ऊन, आम्ही चौघं चालून दमलेले, बरोबर वाट दाखवणारा एक म्हातारा. गावच्या प्रमुखाची गढी. मास्तर रंगवून सांगण्यात पटाईत. ओट्यावरचा गारवा आम्हाला जाणवायला लागला. प्रमुखाची बायको पाणी घेऊन आली. आम्हा चौघांना पितळी पेले दिले. म्हातारा पायऱ्यांच्या खाली उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. तिनं वरून पाणी ओतलं. मास्तरांनी म्हाताऱ्याचा आवाज काढला, रडका, लाचार: "माय, लई उपकार झाले."

"एक नंबर मास्तर!" डॉक्टर हसत म्हणाले. "डिट्टो आमचं गाव."

"पूर्वी असंच राहायचं की," बँकवाले म्हणाले.

मास्तरांच्या मनात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही सांगेन. राक्षसाच्या तोंडी कानडी घातली तशी त्यांनी गावात ही ओंजळ घातली होती, गाव खरं वाटावं म्हणून. माझं बोट फुलीची खूण शोधत कीबोर्डवर फिरलं. पण इथं कुणाला ती खूण माहीत नव्हती. टाकली असती तर लगेच विचारलं असतं, "काय झालं पाव्हणं?" आणि त्याचं एकच उत्तर होतं.

"मॅडम, तुमची भामटी काय करून राहिली?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हणाले, "ती पाणी पिते."

पेल्यातून. ओट्यावर बसून. म्हाताऱ्याकडं न बघता. वर मी हेही म्हणाले की ती बाईच्या हातात बांगड्या भरते आणि भरता भरता अंगठी लंपास करते, आणि सगळे खूष होऊन हसले. हे लिहिताना माझे कान तापलेत. गोष्टीतली बाई, गोष्टीतलं पाणी, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तरी मी प्यायले ते पाणी माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

नवरा त्या दिवशी तिथंच होता. लॅपटॉपचा आवाज मोकळा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं उचलला आणि तो म्हणाला, "जय..."

पुढचा शब्द यायच्या आत माझं बोट माइकवर पडलेलं होतं. स्क्रीनवर लाल खूण आली. "भीम, बोला" हे शब्द खोलीतल्या खोलीत राहिले.

त्यानं लाल खुणेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. फोन छातीशी धरून, वाचनालयात शेजारच्याला विचारावं तसं हळू त्यानं विचारलं, "मी भायेर जाऊन बोलू का?"

मी काही बोलायच्या आत तो बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं.

"मॅडम? आवाज गेला का हो? काय लपवून राहिले?" लॅपटॉपमधून बँकवाले.

मी माइक उघडला. "नेट गेलं होतं," म्हणाले.

त्या रविवारपासून खेळाची वेळ झाली की तो आपणहून फोन उचलायचा आणि बाल्कनीत जाऊन बसायचा. आमची बाल्कनी पश्चिमेला. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथली फरशी पायाला चटके देते.

"अहो, आत बसा की."

"असू दे. इथं हवा हाय."

लातूरच्या मे महिन्यात कसली हवा. त्यानं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तो चिडला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते मला दिसू नये याची तो काळजी घेत होता, म्हणजे मी त्याला लपवत होते आणि तो मला सांभाळत होता. टेबल सोडलं तर मी बोलते तसं बोलायला मला दुसरी जागा नव्हती. धरून ठेवलं तर माझ्या घरातला माणूस बाल्कनीत बसत होता. दोन्ही कळत होतं आणि मी दर रविवारी लॅपटॉप उघडत होते.

इंग्रजी टेबलावरच्या बाईला मी एका शनिवारी हे थोडक्यात लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं: ते टेबल तुझ्यासाठी सुरक्षित नाही, आजच सोड, तू कुणाचं काही लागत नाहीस. तिचं चुकत नव्हतं. त्यांच्याकडं टेबलं अशीच सुटतात. एका ओळीचा निरोप टाकला की झालं, राहिलेले नवा माणूस शोधतात, कुणाच्या मनात काही राहत नाही. आमच्याकडं मी एक रविवार चुकवला तर शिक्षिका फोन करते, डॉक्टर गोळी सुचवतात, आणि दोन चुकवले तर मास्तर तूरडाळीची पिशवी घेऊन उदगीरहून घरी येतील, दारावरची पाटी वाचतील. मी कुणाचं काही लागत नाही, हेच तर तिथं शक्य नव्हतं.

म्हणून मी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात मी पहिल्यापासून हुशार. टेबलाच्या ग्रुपवर मी लिहिलं की परदेशी टेबलांवर एक चांगली पद्धत असते, गोष्टीत काय नको ते प्रत्येकानं आधी सांगायचं, आपणही करू या. सगळ्यांना गंमत वाटली. शिक्षिकेनं लिहिलं, "साप नको." डॉक्टरांनी लिहिलं, "दातांवरून विनोद नको." बँकवाल्यांनी लिहिलं, "माझ्या फाशावर संशय नको." त्याखाली मी लिहिलं, "वरून पाणी ओतणं नको." लिहून फोन उशीखाली ठेवला.

थोड्या वेळानं मास्तरांचा फोन आला.

"मॅडम, ते पाण्याचं तुम्ही लिहिलं, ते का हो? काय चुकलं का माझं?"

ही वेळ होती. मास्तर स्वतः विचारत होते, आपुलकीनं विचारत होते, नवरा कामावर गेलेला, घरात कुणी नव्हतं. सासरचं आडनाव सांगितलं असतं की संपलं असतं. मी म्हणाले, "चुकलं नाही हो. वाईट वाटतं, एवढंच. कुणाच्या तरी घरी खरंच झालेलं असतं ते."

मास्तर मग म्हणाले, "खरं हाय. आपल्याला कधी सोसावं लागलं न्हाई, म्हणून आपल्या ध्यानात येत न्हाई. तुम्ही बोलल्या ते लई बरं झालं."

आपल्याला. मी तो शब्द ऐकला आणि "हो ना" म्हणाले.

पुढच्या रविवारी सगळे जमले. नवरा बाल्कनीत गेला होता; उकाडा इतका की त्यानं दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. मास्तरांनी गोष्ट सुरू करायच्या आधी घसा साफ केला.

"आज आधी एक सांगायचं हाय. त्या गढीवरचा पाण्याचा प्रसंग मी काढून टाकला. तो म्हातारा आता ओट्यावर बसंल आणि पेल्यातनंच पाणी पिईल. हे आपल्या मॅडमनी सुचवलं." आणि त्यांनी माझं माहेरचं आडनाव घेतलं, पुढं बाई लावून, मानानं. "आपल्या लोकांत असा इचार करणारं माणूस मिळत न्हाई. त्यांना तर कधी तसलं बघावंबी लागलं नसंल, तरी दुसऱ्याचं दुःख कळलं. मोठं मन लागतं."

"खरंय," बँकवाले म्हणाले. "मलाबी नंतर वाटलंच होतं. त्या लोकांनाबी वाईट वाटत असंलच की."

शिक्षिकेनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कुणाच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि डॉक्टरांनी त्यांनाही सगळं परत सांगितलं, माझ्या आडनावासकट.

माझ्याच आजीची दया केल्याबद्दल मला शाबासकी मिळत होती. चांगल्या माणसांकडून, मनापासून. आणि मी म्हणाले, "थँक्यू." त्याहून वाईट म्हणजे मला थोडं बरंही वाटलं. हे मी लिहिलं नसतं तर चाललं असतं, पण वाटलं होतं.

पाणी पिऊन येते म्हणाले आणि उठले. माइक तसाच उघडा ठेवला, तिथली रीत म्हणून. बाल्कनीचं दार लोटलं. नवरा फरशीवर सतरंजी टाकून बसला होता, बनियनवर, घामानं भिजलेला. कानाला फोन होता आणि विहारातल्या कार्यक्रमाच्या मंडपाबद्दल तो कुणाशी तरी बोलत होता, पण त्याच्या नेहमीच्या आवाजात नाही. तो आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दवाखान्यात लोक बोलतात तसा, तोंडाशी हात धरून.

मला बघून तो आणखी हळू झाला. "बरं, ठीक हाय. ठेवतो मग," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्याचा कुठलाही फोन असा संपलेला मी पाहिला नव्हता.

"म्हणा की," मी म्हणाले.

"काय?"

"फोन ठेवताना रोज म्हणता ते."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. लॅपटॉपचा उजेड खोलीभर पडला होता आणि कुणीतरी हसत होतं. चिडलेला नव्हताच तो. फक्त खबरदारी घेत होता, माझ्यासाठी.

"नको," तो पुटपुटला. "तुझी माणसं हायेत ना आजून आत."

आतून मास्तरांनी हाक मारली, मॅडम, आता तुमचा नंबर. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. मग आत गेले आणि फासा टाकला.